एकाच लॅपटॉपवर विंडोज, युबुंटू आणि फेडोरा: तिन्ही स्वतंत्र ठेवणारं मल्टिबूट

मल्टिबूट, म्हणजे एकाच मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम, बिघडतं ते बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना नाही, चार-सहा महिन्यांनी. विंडोजचं एखादं मोठं अपडेट येतं, किंवा एका लिनक्सचा (इथे युबुंटू किंवा फेडोरा) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलतो आणि दुसऱ्या लिनक्सच्या बूट मेनूला त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा सगळी जुळवाजुळव एका तत्त्वावर करावी: कुठलीही सिस्टिम सुरू होण्यासाठी दुसऱ्या सिस्टिमवर अवलंबून नसावी. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं असली तरी प्रत्येकाचा दरवाजा वेगळा हवा.

इथे धरलेला लॅपटॉप: ५१२ जीबीचा एसएसडी, किमान ८ जीबी रॅम, विंडोज ११ आधीपासून बसवलेलं, सोबत युबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) आणि फेडोरा वर्कस्टेशन. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकला यातलं काही लागू नाही. टाइप करायच्या आज्ञा आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आधी मशीन ओळखून घ्या

विंडोजमध्ये रन उघडून एमएसइन्फो३२ चालवा. बायोस मोडसमोर यूईएफआय दिसायला हवं. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर; यूईएफआय ही त्याची नवी पद्धत, लेगसी जुनी. लेगसी दिसलं तर पुढे जाऊ नका. डिस्क विभागण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य भाग, करता येतात आणि सगळ्या सिस्टिम बूटसाठी एकाच जागेवर भांडतात. यूईएफआयमध्ये तसं नसतं. डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे ईएसपी, नावाचं एक छोटं एफएटी३२ पार्टिशन असतं. त्यात प्रत्येक सिस्टिमचं आपलं वेगळं फोल्डर असतं: मायक्रोसॉफ्ट, युबुंटू, फेडोरा. कुठल्या फोल्डरातली फाइल कोणत्या क्रमाने चालवायची याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत राहते. आपल्या योजनेचा सगळा पाया हाच आहे.

यामुळेच तिसरी सिस्टिम निवडताना एक काळजी घ्यावी लागते. लिनक्स मिंट ही युबुंटूवर आधारलेली आहे आणि ईएसपीमध्ये तीही युबुंटू याच नावाचं फोल्डर वापरते. दोन्ही एकाच डिस्कवर बसवल्या की नंतरची आधीच्या सिस्टिमच्या फायली पुसून स्वतःच्या ठेवते. युबुंटूसोबत फेडोरा किंवा डेबियन घेतलं तर हा प्रश्न येत नाही. आर्चही चालतं, पण त्याला सिक्युअर बूटचा (सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) आधार मुळातून नाही. नवशिक्यांनी ते पहिल्या फेरीत टाळावं.

लॅपटॉपमध्ये दुसरा एम डॉट टू स्लॉट रिकामा असेल तर दुसरा एसएसडी घालून लिनक्स त्यावर, त्याच्या स्वतंत्र ईएसपीसह ठेवणं सगळ्यात उत्तम. बहुतेकांकडे तो नसतो, म्हणून पुढचं सगळं एकाच डिस्कचं आहे.

बिटलॉकरची किल्ली: हे आधी, बाकी सगळं नंतर

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करणं, पुष्कळदा आपोआप सुरू होतं. होम आवृत्तीतही. मालकाला याची कल्पनाच नसते. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बदललं, किंवा विंडोज वेगळ्या वाटेने सुरू केलं, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर त्या पार्टिशनमधली माहिती गेली. कुठलाही दुकानदार ती परत आणू शकत नाही.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहा. सुरू असेल तर दोन वाटा आहेत. ते बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. भरलेल्या डिस्कवर याला बराच वेळ लागतो आणि चार्जर लावलेला हवा. किंवा एन्क्रिप्शन तसंच ठेवा, पण अकाउंटच्या पानावरून ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या. मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका. बाहेर घेऊन फिरायच्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन ठेवणंच योग्य.

महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती उघडून दिसते का तेही बघा; नुसती कॉपी झाल्याचं समाधान पुरत नाही.

फास्ट स्टार्टअप आणि डिस्क मोड

शटडाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ते अर्धवट झोपतं आणि विंडोजचं एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवण्याची पद्धत) पार्टिशन उघडंच राहतं. नंतर लिनक्समधून ते पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही; बळजबरीने लिहिलंत तर फायली खराब होतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी /एच ऑफ ही आज्ञा द्या. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, शिवाय हायबरनेशनच्या फाइलने अडवलेली काही जीबी जागा सुटते.

दुसरी अडचण स्टोरेज मोडची. काही इंटेल लॅपटॉपवर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळण्याची इंटेलची खास पद्धत, सुरू असतं. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नाही तर कारण बहुधा हेच. पण बायोसमध्ये जाऊन थेट एएचसीआय (साधी पद्धत) करू नका, विंडोज इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून अडकेल. क्रम असा ठेवा:

१. एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल निवडा. आता विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होणार.
२. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा, किंवा व्हीएमडी बंद करा.
३. विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या. योग्य ड्रायव्हर ते स्वतः उचलतं. इथे पिन चालला नाही तर अकाउंटचा पासवर्ड लागतो, तो आठवत असल्याची खात्री आधीच करा.
४. एमएसकॉन्फिगमधली सेफ बूटची खूण काढून पुन्हा सुरू करा.

डिस्क दिसत असेल तर यातलं काहीच करू नका.

जागा कापणे

५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हाच तो फरक. वाटणी अशी करता येईल: विंडोजला दोनशेच्या आसपास, सगळ्यांना मिळून एक डेटा पार्टिशन १४० जीबी, युबुंटूला ६० आणि फेडोराला ७०. युबुंटूची अधिकृत किमान गरज २५ जीबी आहे, पण डॉकर किंवा अँड्रॉइड स्टुडिओ घालणार असाल तर ६० सुद्धा भराभर भरतात. वेगळं स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, नको. युबुंटू स्वॅपची फाइल करतं आणि फेडोरा झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच माहिती दाबून ठेवण्याची सोय, वापरतं.

विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच आकसा, लिनक्सच्या साधनाने नको. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे आकडा एमबीमध्ये मागतात. २७० जीबी मोकळी करायची तर २७६४८० लिहा.

इथे अनेकजण अडकतात. सी ड्राइव्हवर ३०० जीबी रिकामी असूनही श्रिंक फक्त ४० जीबीच देतं. कारण पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती यांसारख्या फायली मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात आणि विंडोज त्या हलवत नाही. हायबरनेशन आपण आधीच बंद केलंय. आता सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट पुसा, व्हर्च्युअल मेमरीमध्ये नो पेजिंग फाइल निवडा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. काम झालं की दोन्ही परत सुरू करायला विसरू नका.

मोकळ्या जागेतून लगेच १४३३६० एमबीचं नवं व्हॉल्यूम करून एनटीएफएसने फॉरमॅट करा, नाव द्या डेटा. हे आत्ताच करायचं. फेडोराचा इन्स्टॉलर मोकळी दिसेल तेवढी सगळी जागा घेतो, म्हणून डेटाची जागा आधीच गुंतलेली बरी. उरलेल्या १३० जीबीला हात लावू नका, ती अनअलोकेटेडच राहू द्या.

ईएसपीचा आकारही पाहून ठेवा. विंडोजने स्वतः केलेलं ईएसपी पुष्कळदा १०० एमबीचं असतं, लॅपटॉप कंपन्या बहुधा २६० एमबी ठेवतात. विंडोज, युबुंटू आणि फेडोराच्या बूटफायली १०० एमबीत मावतात, पण लिनक्समधून बायोस अपडेट करायला जाल तेव्हा जागा कमी पडू शकते. विंडोज नव्यानेच घालणार असाल तर ही संधी सोडू नका. इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडा, डिस्क निवडून क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटी करा, मग क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=१०२४ देऊन ते एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. क्लीन म्हणजे सगळी डिस्क पुसणार, हे समजून.

पेनड्राइव्ह

प्रत्येक सिस्टिमला वेगळा पेनड्राइव्ह करत बसण्यापेक्षा ३२ जीबीच्या एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय घालावं. मग आयएसओ फायली, म्हणजे सिस्टिमचे उतरवलेले इन्स्टॉलर, त्यावर नुसत्या कॉपी करायच्या. विंडोज, युबुंटू, फेडोरा सगळ्या एकत्र राहतात. विंडोजची आयएसओ ठेवायचीच, दुरुस्तीला लागते. व्हेंटॉय घालताना सिक्युअर बूटचा पर्याय सुरू ठेवा. पहिल्या बूटला निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायला सांगितलं जातं. तिथे एन्रोल की फ्रॉम डिस्क निवडून व्हीटीओवायईएफआय या भागातली एन्रोल धिस की नावाची फाइल दाखवायची. हे एका मशीनवर एकदाच.

आयएसओ तपासल्याशिवाय वापरू नका. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल अर्ध्यावर आणून सोडते आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो. विंडोजमध्ये सर्टयुटिल -हॅशफाइल, मग फाइलचं नाव, मग एसएचए२५६ असं दिलं की एक लांब आकडा मिळतो. तो अधिकृत पानावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

बूट मेनूची की कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण काही मॉडेलांत ती बायोसमधून आधी सुरू करावी लागते. ही की पाठ करा, पुढे रोज उपयोगी पडणार आहे.

युबुंटू

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर आधी ट्राय युबुंटू निवडून वायफाय, टचपॅड, आवाज आणि ब्राइटनेस तपासा. इथे जे चालत नाही ते इन्स्टॉलनंतर बहुधा आपोआप चालू होणार नाही. मग इन्स्टॉलर उघडा.

इन्स्टॉलचा प्रकार विचारल्यावर मॅन्युअल निवडा. विंडोजशेजारी बसवण्याचा आपोआप पर्याय जागेची वाटणी स्वतः ठरवतो, ते आपल्याला नको. अनअलोकेटेड जागेवर क्लिक करून नवं पार्टिशन करा: आकार ६० जीबी, प्रकार ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल ठेवण्याची पद्धत), माउंट पॉइंट (पार्टिशन जोडायची जागा) रूट, म्हणजे नुसती तिरकी रेघ. खाली बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, कुठे घालायचा ते विचारतात, तिथे आपली अंतर्गत डिस्क आहे ना ते बघा. पेनड्राइव्ह निवडला गेला तर तो काढल्यावर युबुंटू सुरूच होणार नाही. ईएसपी फक्त वापरायचं आहे, फॉरमॅट करायचं नाही. सारांशाच्या पानावर सी ड्राइव्ह, ईएसपी किंवा डेटा यांपैकी कशाहीसमोर फॉरमॅट दिसलं तर मागे फिरा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर थर्ड पार्टी ड्रायव्हरची खूण करा. सिक्युअर बूट सुरू असताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. तसा ठरवला असेल तर पुढच्या रीस्टार्टला निळा मॉक मॅनेजमेंटचा, म्हणजे सिक्युअर बूटची किल्ली नोंदवायचा, पडदा काही सेकंदच थांबतो. एन्रोल मॉक निवडून तोच पासवर्ड टाका. हा पडदा हुकला की एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक वाट्टेल ते उपाय करत बसतात.

फेडोरा

फेडोरा वर्कस्टेशनच्या नव्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे आवृत्ती ४२ पासून, शेअर डिस्क विथ अदर ऑपरेटिंग सिस्टिम असा पर्याय आहे. उरलेली ७० जीबी मोकळी जागा आणि आधीचंच ईएसपी तो वापरतो. यूज एन्टायर डिस्क हा पर्याय शेजारीच असतो, तिथे बोट घसरू देऊ नका. फेडोरा स्वतःचं छोटं बूट पार्टिशन आणि बीटीआरएफएसचं (लिनक्सची आणखी एक फाइल पद्धत) मुख्य पार्टिशन करतं. ते जसं करतं तसंच राहू द्यावं.

दोन्ही लिनक्समध्ये होम फोल्डर सामाईक ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नये. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या त्याच सेटिंग फायली वापरू लागतात आणि नव्याने लिहिलेलं जुन्याला वाचता येत नाही. कागदपत्रं, फोटो, प्रोजेक्ट डेटा पार्टिशनवर ठेवा. होम ज्याचं त्याचं. युबुंटूच्या डिस्क्स ॲपमध्ये डेटा पार्टिशनचे एडिट माउंट ऑप्शन्स उघडून सुरू होताना माउंट करायला सांगा आणि पर्यायांत नोफेल हा शब्द असल्याची खात्री करा. नाहीतर पार्टिशन सापडलं नाही की अख्खी सिस्टिम इमर्जन्सी मोडवर अडून बसते.

बूट मेनू: खरी मेख इथे

आता फेडोराचा ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर आणि त्याचा मेनू, पहिला येईल, त्यात युबुंटू आणि विंडोजही दिसतील. बहुतेक मार्गदर्शक इथेच थांबतात. पण हा मेनू दुसऱ्या लिनक्सच्या कर्नलची तेव्हाची नोंद घेऊन बसलेला असतो. युबुंटूने नवा कर्नल घातला तरी फेडोराचा मेनू जुनाच सुरू करतो, आणि जुना कर्नल युबुंटूने पुसला की ती नोंद मेलीच.

म्हणून रोजची निवड फर्मवेअरच्या बूट मेनूतून करावी. विंडोज बूट मॅनेजर, युबुंटू, फेडोरा अशा तीन नोंदी तिथे असतात आणि प्रत्येक जण स्वतःचा ताजा बूटलोडर चालवतो. विंडोजसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं: ग्रबमधून विंडोज सुरू केलं तर बूटची साखळी बदललेली दिसते आणि बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो.

रोज वापरायची सिस्टिम पहिली आणायची तर लिनक्समध्ये सुडो ईएफआयबूटएमजीआर चालवा. प्रत्येक नोंदीला चार अंकी क्रमांक दिसतो. मग ईएफआयबूटएमजीआर -ओ लिहून हव्या त्या क्रमाने क्रमांक स्वल्पविरामांनी द्या. काही लॅपटॉप हा क्रम मानत नाहीत, तिथे बायोसमधूनच बदला.

की दाबण्याचा कंटाळा येत असेल तर युबुंटूच्या ग्रबमध्ये चेनलोडची नोंद घाला. ईटीसी फोल्डरातल्या ग्रब डॉट डीमध्ये ४०_कस्टम नावाची फाइल असते. तिच्यात मेनूएंट्री, तिच्या कंसात सर्च --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट आणि पुढे ईएसपीचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), खालच्या ओळीत चेनलोडर आणि /ईएफआय/फेडोरा/शिमएक्स६४.ईएफआय हा मार्ग. यूयूआयडी एलएसबीएलके -एफने मिळतो. ईएसपीचा छोटा असतो, चार अक्षरं, आडवी रेघ, चार अक्षरं. शेवटी सुडो अपडेट-ग्रब. अशी नोंद कर्नलला हात न लावता फेडोराच्याच बूटलोडरकडे ताबा देते, त्यामुळे शिळी होत नाही.

साडेपाच तासांचं घड्याळ

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतं, विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजतं. सुधारणा विंडोजमध्ये करावी, म्हणजे दोन लिनक्सना स्वतंत्रपणे समजवावं लागत नाही. रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाचं डीवर्ड करून किंमत १ द्या. चुकीच्या वेळेमुळे ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्रं नाकारतो, म्हणून हे टाळू नका.

ब्लूटूथ माउस प्रत्येक सिस्टिममध्ये नव्याने जोडावा लागतो. प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी किल्ली ठरवते आणि माउसला एका लॅपटॉपसाठी एकच लक्षात राहते. किल्ल्या हाताने उतरवता येतात, पण यूएसबी डोंगलचा माउस घेणं सोपं.

बिघडल्यावर

विंडोज अपडेटनंतर थेट विंडोजच उघडू लागलं तर घाबरू नका. लिनक्स पुसलेलं नसतं, फक्त क्रम बदललेला असतो. बूट मेनूतून लिनक्समध्ये जा आणि क्रम परत लावा.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर अनेक ठिकाणी लिनक्स सुरू होताना व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड असा संदेश येऊन मशीन बंद पडत होतं. जुने, असुरक्षित बूटलोडर त्या अपडेटने बाद ठरवले होते. असं दिसलं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, युबुंटूत सुडो मॉकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट द्या, पुन्हा युबुंटूतच रीस्टार्ट करा, सगळी अपडेट घ्या आणि मग सिक्युअर बूट परत सुरू करा. बिटलॉकर ठेवलं असेल तर मधे विंडोजमध्ये जाऊ नका. गेलात तर ते ४८ आकडे जवळ हवेत.

ग्रबच हरवला असेल तर युबुंटूसाठी पेनड्राइव्हवरून सुरू करून रूट आणि ईएसपी माउंट करा, सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या युबुंटूत शिरून, ग्रब-इन्स्टॉल चालवा. फेडोरावर मात्र यूईएफआयमध्ये ग्रब२-इन्स्टॉल वापरायचं नाही, त्याने सही नसलेला बूटलोडर बसतो. तिथे डीएनएफ (फेडोराचं सॉफ्टवेअर घालायचं साधन) रीइन्स्टॉलने शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजं पुन्हा घालायची.

एखादी सिस्टिम काढायची असेल तर आधी दुसरी सिस्टिम स्वतःच्या नोंदीवरून सुरू होते हे बघा, मगच पार्टिशन पुसा. समजा फेडोरा काढलं. युबुंटूतून त्याची पार्टिशनं पुसा, ईएसपीतलं फक्त फेडोरा फोल्डर काढा, ईएफआयबूटएमजीआर -बी क्रमांक -बी अशी आज्ञा देऊन नोंद खोडा. यातली पहिली बी लहान लिपीतली, दुसरी मोठ्या. चेनलोडची ओळ घातली असेल तर तीही काढून अपडेट-ग्रब करा. मोकळी झालेली ७० जीबी युबुंटूला लागूनच उजवीकडे असते, तेव्हा पेनड्राइव्हवरून सुरू करून जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाने युबुंटूचं पार्टिशन तेवढं वाढवता येतं.